कधीही न तुटलेली मुन्याया

एक वेढा

निकोलिना आली ती मनगटाला पट्टी बांधूनच.

"शिडीवरून पडले," ती दारातूनच म्हणाली. "काल, ऑलिव्ह काढताना. कुणी विचारू नका, चूक याची आहे."

हा म्हणजे क्विरिनो, तिचा नवरा. तो मागून रश्श्याचं पातेलं पोटाशी धरून आत येत होता. बकरा, डुक्कर आणि गाय, तिघांचं मांस टोमॅटोत पहाटेपासून शिजत ठेवलेलं. त्याने आधी पातेलं चुलीवर ठेवलं, मग स्वतःचा बचाव केला.

"मी शिडी धरली होती."

"फोनवर बोलत धरली होती."

"एका हाताने तर धरली होती!"

पालमिराने पट्टीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पिठाकडे. खरं सांगायचं तर काळजी नणंदेच्या दुखण्याची नव्हती. आज सान मार्तिनोचा दिवस, नव्या वाइनचा सण. आज या स्वयंपाकघरात मुन्याया ओढायची असते, आणि ती ओढायला चार हात लागतात. त्यातले दोन पालमिराचे. उरलेल्या दोनांपैकी एक आत्ता पट्टीत होता.

मुन्याया म्हणजे चक्कीवालीची शेवई. पीठ, पाणी, मीठ, नावाला दोन अंडी. कणकेचा एक गोळा. गोळ्याच्या मधोमध भोक. भोक मोठं करत न्यायचं की गोळ्याचं कडं होतं, कडं ओढत न्यायचं की त्याचा दोर होतो, दोराला पीळ घालून तो दुहेरी करायचा, मग चौपदरी, मग आठपदरी, मग सोळा. शेवटी हाताला करंगळीएवढ्या जाडीचे सोळा वेढे लागतात आणि तरी तो एकच दोर असतो. त्याला टोक कुठेच नसतं. टोक सापडलं तर ती मुन्याया नव्हे, नुसता पास्ता.

आणि एर्सिलियाच्या, म्हणजे पालमिराच्या सासूच्या घरात तो दोर कधीही तुटलेला नाही. फीनो नदीवरची घरची पाणचक्की पुरात गेली, दोन लढाया झाल्या, चक्कीचे भागीदार एकमेकांवर कोर्टात गेले, पण मुन्याया तुटली नाही. एलिचे गावातल्या इतर घरांत तुटते. इतर घरांचं काय बोलायचं?

एकतीस वर्षं पालमिरा खिडकीच्या बाजूला आणि निकोलिना भट्टीच्या बाजूला, अशी ही ओढाओढ चालत आली होती.

"मी ओढते की," इलेनिया म्हणाली. ही पालमिराची मुलगी, काल रात्रीच्या गाडीने बोलोन्याहून आलेली.

"तुझे हात कंप्युटरचे आहेत," टेबलाच्या टोकाशी बसलेली एर्सिलिया म्हणाली. वय शहाऐंशी, आवाज चाळिशीचा. "दोन वेढ्यांत रडशील. पालमिरा, तू मळ आधी. ओढायचं बघू."

पालमिरा मळू लागली. मळताना माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो, हे या कामाचं वाईट आहे.

उद्या, सोमवारी सकाळी नगरपालिकेच्या फळ्यावर एक कागद लागणार होता. कायद्याने लावावाच लागतो. पालमिरा, वय बासष्ट, विधवा, आणि पिच्चानो गावचा चेत्तेओ, वय चौसष्ट, विधुर, हे विवाह करू इच्छितात, कुणाची हरकत असल्यास कळवावी. फळ्यासमोरच पोस्ट. त्या पोस्टात निकोलिनाने अठ्ठावीस वर्षं काढली होती आणि निवृत्तीनंतरही ती रोज दहा वाजता तिथे कॉफी प्यायला जात असे. म्हणजे सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी अख्ख्या गावाला कळणार. म्हणून सांगायचं ते आज. बेत असा होता: जेवण होईल, नवी वाइन उघडली जाईल, कॉफी येईल, मग सांगायचं. चेत्तेओ बारा वाजता नवं तेल द्यायला म्हणून येईल आणि तेल द्यायला आलेला माणूस सणाच्या दिवशी जेवल्याशिवाय जात नाही.

भीती निकोलिनाची नव्हती. निकोलिना ओरडेल, आणि ओरडणं कधीतरी संपतं.

भीती सासूची होती. नऊ वर्षांपूर्वी नवरा, कामिल्लो, गेला तेव्हा पालमिराचे दोघे भाऊ गाडी घेऊन आले होते, चल घरी म्हणायला. एर्सिलिया दारात शेंगा सोलत उभी. तिने भावांकडे पाहिलंही नाही. पालमिराला म्हणाली, "रात्रीला काय करायचं?" पालमिरा म्हणाली, "याच शेंगा." भाऊ रिकामी गाडी घेऊन परत गेले. त्या दोन वाक्यांवर नऊ वर्षं निघाली होती. आता तिसरं वाक्य बोलायचं होतं.

शिवाय एर्सिलिया रागवत नसे. ती अदबीने बोलू लागे. सख्ख्या भावाला तिने शेवटची बावीस वर्षं "अहो" म्हटलं, आणि त्याच्या मयतीत सगळ्यांत सुंदर हार तिचा होता.

दोन वेढे

"आत्ताच सांगून टाक," इलेनिया कानाशी कुजबुजली. ती एकटीच सगळं जाणत होती.

"जेवल्यावर."

"जेवल्यावर आजी डुलक्या घेते."

"म्हणूनच."

कणिक वाडग्याखाली अर्धा तास निजली. मग एर्सिलियाने बाही वर केली आणि गोळ्याच्या बरोबर मध्यावर कोपर रोवलं. भोक तीच पाडायची. तिचं कोपर आता सुपारीएवढं उरलं होतं, पण गोळ्याला पटलं. पालमिराने कडं टेबलावर फिरवत मनगटाएवढं बारीक केलं. पुढे एकटीने जमण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. अजून सव्वाअकराच झाले होते.

चेत्तेओ दारात उभा होता. दोन्ही हातांत तेलाचे डबे, गळ्यात टाय. पालमिराने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. टाय!

"सान मार्तिनोच्या शुभेच्छा, दोन्ना एर्सिलिया," तो म्हणाला. "नवं तेल आणलंय. कालच काढलं."

"तेल विकायला टाय लावून?" निकोलिना म्हणाली.

"सण आहे म्हणून…"

"अरे, आजचा सण कुणाचा ते माहितेय ना तुला?" क्विरिनो चमचा घेऊन पुढे झाला. "सान मार्तिनो म्हणजे बायकोने फसवलेल्या नवऱ्यांचा सण. आमच्या गावात आज मिरवणूक निघते, शिंगं लावून. टाय मी लावायला हवा होता."

"तुला फसवायला वेळ कुणाला होता?" निकोलिना म्हणाली. "पोस्टात केवढी रांग असायची!"

एर्सिलिया हसली नाही. ती पाहुण्याच्या हातांकडे बघत होती. डबे खाली ठेवताना ते हात तिला पूर्ण दिसले: रुंद, बोटं आखूड, नखांच्या कडा तेलाने काळवंडलेल्या.

"घाणा तुझाच?"

"वडिलांचा. आता माझा. चाळीस वर्षं झाली."

"दाखव हात."

त्याने दाखवले. एर्सिलियाने ते उलटेपालटे केले, बाजारात मासा बघावा तसे.

"धुऊन ये. साबणाने नको, राखेने. साबणाचा वास कणकेला लागतो."

एवढ्यात काय ठरलं ते निकोलिनाच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

"आई! पुरुष? या घरात पुरुष मुन्याया ओढणार?"

"तुझं मनगट ओढणार आहे का?"

"तीस वर्षं मी म्हणतोय मला ओढू दे," क्विरिनो म्हणाला. "तीस वर्षं मला सांगितलं, रस्सा ढवळ."

"तू रस्सा ढवळ," मायलेकी एका सुरात म्हणाल्या.

चार

"इकडे उभा राहा. भट्टीकडे. कोट काढ."

"टायपण काढू?"

"टाय राहू दे. कणकेला काय त्याचं! इलेनिया, रवा भुरभुरत राहा. मधे थांबायचं नाही."

"किती टाकू, आजी?"

"टाकत राहा म्हटलं ना. पालमिरा, पीळ दे. हां. दुहेरी झाला. आता चेत्तेओ, तू पलीकडून दोन्ही मुठीत घे. दाबू नकोस, गळा नाही धरायचा. गाईची धार काढलीस कधी?"

"लहानपणी."

"तसंच. वरून खाली, वरून खाली. गाईला वाटलं पाहिजे तिनेच दिलं."

"वाटतंय का तिला?"

"अजून ओरडली नाही."

"आई, तो फार भराभर ओढतोय."

"निकोलिना, तू बस."

"मी बसलेच आहे. मी फक्त सांगतेय."

"बसून गप्प बस. पालमिरा, तुझ्याकडे जाड राहिलाय. बघ, खिडकीशी."

"बघितला, आई."

"चार वेढे. छान. पुरुष असून छान. कुठे शिकला हा?"

"घाण्यावरचे दोर ओढायचो, दोन्ना एर्सिलिया."

"दोर वेगळा, हा वेगळा."

"हो, हा ऐकतो."

"ऐकलंस, क्विरिनो? असं बोलतात."

"मीपण बोलतो. रश्श्याशी."

आठ

आणि मग चौपदरी दोराला पुन्हा पीळ पडला आणि आठ वेढे झाले आणि पालमिराच्या हातांना कळलं की हे बरं चाललंय, फारच बरं चाललंय, कारण ती पुढे झुकली की तो मागे जाई आणि तो पुढे आला की तिची पाठ आपोआप सरळ होई, आणि मधे तो दोर टेबलभर पांढऱ्या रव्यातून सरसर सरकत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे, खिडकीतून ऊन येऊन त्यावर पडत होतं, क्विरिनोच्या रश्श्याला आता मिरचीचा वास सुटला होता, इलेनिया रवा भुरभुरता भुरभुरता आईकडे बघून भुवया उडवत होती, आणि पालमिराला वाटलं की बासष्टाव्या वर्षी माणसाला इतकं हलकं वाटायला परवानगी असते का कुणाला विचारावं, आणि तिने एक ओढ घेतली, दोन, तीन, आणि तिसऱ्या ओढीनंतर मनगट टेबलावर आपटलं, ठक, जसं ती नेहमी आपटते, जसं निकोलिना आपटते, जसं एर्सिलिया आपटायची आणि तिच्या आधी तिची सासू, कारण चक्कीतल्या जुन्या टेबलाचा एक पाय लुळा होता आणि दर तीन ओढींनी ते ठोकून जागेवर आणावं लागे, ते टेबल गेलं पुरात, पण ठोका राहिला, या घराबाहेर एलिचेत काय, जगात कुणी मुन्याया ओढताना टेबल ठोकत नाही, आणि पालमिराचा ठोका पडला आणि त्याच क्षणाला भट्टीच्या बाजूने, त्याच तालात, अजिबात न चुकता, चेत्तेओचं मनगटही टेबलावर पडलं, ठक, आणि पुन्हा तीन ओढी आणि पुन्हा दोघांचं एकदम, ठक, आणि बसलेल्या निकोलिनाने मान वर केली, आधी त्याच्या मनगटाकडे पाहिलं, मग वहिनीच्या, मग टायकडे, आणि ती उठली आणि म्हणाली, "हे तुला कुणी शिकवलं?" आणि पालमिराचे हात दचकले आणि दो

(तुटला)

र.

टोकं दोन. एक खिडकीशी, पालमिराच्या मुठीत. दुसरं टेबलावर घरंगळत जाऊन एर्सिलियाच्या पुढ्यात थांबलं.

क्विरिनोने रश्श्याखालची आच बारीक केली, मयतीच्या घरात करतात तशी.

आता कॉफीची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

"मी शिकवलं," पालमिरा म्हणाली. "त्याच्या घरी. गेल्या उन्हाळ्यापासून. आई, आम्ही लग्न करतोय. उद्या फळ्यावर कागद लागेल. मला जेवण झाल्यावर सांगायचं होतं, जमलं नाही."

निकोलिनाने चांगल्या हाताने क्रुसाची खूण केली. "तुटला," ती म्हणाली. "दोनशे वर्षांत नाही तुटला तो आज तुटला. बघितलंस ना कशाने तुटला ते? बघितलंत सगळ्यांनी?"

"तू ओरडलीस म्हणून तुटला," इलेनिया म्हणाली.

"मी विचारलं!"

"पाणी द्या," एर्सिलिया म्हणाली.

"आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" पालमिरा पुढे झाली.

"प्यायला नको. वाटीत द्या."

इलेनियाने वाटी पुढे केली. एर्सिलियाने अंगठा बुडवला, पुढ्यातलं टोक ओलं केलं, पालमिराच्या मुठीतलं टोक ओढून घेतलं, दोन्ही एकमेकांवर चढवून दाबली, तळव्याखाली दोनदा फिरवली, वर रवा टाकला. दोर पुन्हा अखंड. सांधा कुठे होता ते शोधायला भिंग लागलं असतं.

सगळे बघत होते.

"काय बघता?" ती म्हणाली. "दर वर्षी तुटतो."

"दर वर्षी?" निकोलिनाचा आवाज चिरकला.

"माझ्या सासूच्या ॲप्रनच्या खिशात ओला बोळा असायचा. मला वाटायचं तिला घाम फार येतो. लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. का, तुझ्या हातून कधी तुटला नाही?"

निकोलिना खिडकीबाहेर बघू लागली.

"निकोलिना."

"इलेनियाच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी," ती खाली बघत म्हणाली. "आणि त्याच्या पुढच्या वर्षी. आणि… मी थुंकी लावून जोडला. कुणाचं लक्ष नव्हतं."

"शी, आत्या! आम्ही ते खाल्लं!"

"उकळलं होतं!"

"माझ्या हातून चारदा तुटला," पालमिरा म्हणाली. तिला स्वतःलाच हसू फुटत होतं, अशा वेळी फुटू नये तसं. "पहिल्यांदा लग्नानंतरच्या पहिल्याच सान मार्तिनोला. मी रात्रभर रडले. कामिल्लोला सांगितलं, मी तुमच्या घराचा नाश केला. तो म्हणाला, गप्प राहा, कुणाला कळणार नाही."

"कामिल्लोला माहीत होतं," निकोलिना हळूच म्हणाली. "मलापण त्यानेच सांगितलं होतं. गप्प राहा म्हणून. बदमाश."

आणि भावाचं नाव घेता घेता ती रडू लागली आणि रडता रडता हसू लागली, आणि तिला हसताना बघून इलेनिया टेबलाला धरून खाली बसली. क्विरिनो चमचा उंच धरून म्हणाला, "तीस वर्षं मी समजतोय, मी संतांच्या घरात लग्न केलंय!"

चेत्तेओ मात्र दोन्ही मुठींत चार-चार वेढे धरून तसाच उभा होता. सोडू का म्हणून विचारायची त्याची हिंमत नव्हती.

पुन्हा आठ

"ते तुटण्याचं ठीक आहे," डोळे पुसून निकोलिना मूळ मुद्द्यावर आली, कारण निकोलिना मूळ मुद्दा विसरत नसे. "पण लग्न? आणि राहणार कुठे? माझ्या भावाच्या घरात?"

"नाही. पिच्चानोला. त्याच्या घरी."

हे पहिल्यापेक्षा वाईट पडलं. पालमिराला बोलतानाच कळलं. तिने सासूकडे पाहिलं. एर्सिलिया दोराकडे बघत होती.

"सुकतोय," ती म्हणाली. "ओढा."

बस, एवढंच. ना हो, ना नाही, ना राग, ना अहो. पालमिराने वेढे उचलले. ओढण्यावाचून दुसरा काही इलाज नसला की माणूस चांगला ओढतो.

"आणि आई?" निकोलिना म्हणाली. "आई कुणाकडे? तिची सकाळची गोळी, रात्रीची गोळी, पायाला तेल?"

"मी रोज येईन. दहा किलोमीटर आहे."

"रोज! जानेवारीत बर्फातून रोज! बोलू नकोस." आणि इथे निकोलिनाच्या चेहऱ्यावर काहीतरी फिरलं. ती कमरेवर हात ठेवून, म्हणजे एकच हात ठेवून, ताठ झाली. हरलेल्या माणसाला वाटेत जिंकायची पायवाट दिसावी तशी. "आई आमच्याकडे येईल. बस. आमच्या मुलाची, सिल्व्हानोची खोली रिकामीच आहे. पडदे धुवायला टाकते उद्या."

रश्श्यातला चमचा थांबला.

"आमच्याकडे?" क्विरिनो म्हणाला.

"का, तुला काही म्हणायचंय?"

"छे! आई म्हणजे मला… छे. फक्त तिसरा मजला आहे, एवढंच."

"तू उचलून नेशील."

"मी शिडी धरू शकत नाही असं तूच म्हणालीस सकाळी."

"आत्या, आजीला विचारलंस का?" इलेनिया म्हणाली. "नाहीतर आजी बोलोन्याला येऊ शकते माझ्याकडे."

"बोलोन्याला! तिथे तुम्ही काय खाता? टोपीसारख्या शेवया, सुपात बुडवून!"

"टोर्टेलिनी म्हणतात त्याला, आत्या. आणि ते सूप चांगलं असतं."

"एका वाटीत दहा तुकडे. दहा टोकं! तुझ्या आजीला तू दहा टोकं खायला घालणार?"

पालमिराला एकदम ध्यानात आलं की गेल्या पाच मिनिटांत तिच्या लग्नाला कुणीही हरकत घेतलेली नाही. भांडण पुढे निघून गेलं होतं. तिने टेबलापलीकडे पाहिलं. चेत्तेओच्या कपाळावर रवा होता, टाय कणकेत पडू नये म्हणून त्याने खिशात खोचला होता. तो ओठांनी मोजत होता, एक, दोन, तीन. तिसऱ्याला त्याने मनगट वर उचललं आणि अवघडून हवेतच थांबवलं.

"ठोक," एर्सिलिया म्हणाली.

ठक.

सोळा

दोर उकळत्या पाण्यात गेला, सोळा वेढे एकदम, आणि पुन्हा वर आला. मोठ्या फळीवर रस्सा पसरला, त्यावर मुन्याया, वर पुन्हा रस्सा. ताटं नव्हती. या दिवशी या घरात ताटं नसतात. प्रत्येकाने आपल्या बाजूने वेढा ओढून घ्यायचा, हवा तेवढा खायचा आणि दाताने तोडायचा.

"घ्या की," एर्सिलिया पाहुण्याला म्हणाली.

पालमिराच्या हातातला ब्रेड तसाच राहिला. घ्या. अहो. सुरू झालं.

चेत्तेओने काट्याला एक वेढा गुंडाळला आणि ओढला. पलीकडे निकोलिनाच्या काट्यातलं तिच्या तोंडापाशी आलेलं सुळकन निसटून गेलं.

"एऽ! ते माझं होतं!"

"माफ करा."

"माफ काय करा! सोळा वेढे आहेत, याला माझाच सापडला! पालमिरा, हा घरीपण असंच करतो का?"

"घरी आम्ही दोघंच असतो. कुणाचंही ओढलं तरी फरक पडत नाही."

"हे बघा हिचं! गेल्या उन्हाळ्यापासून!" निकोलिना म्हणाली, पण तिने त्याच्याकडे लाल वाइनची बाटली सरकवली. क्विरिनोने फळीवरून सगळ्यांत मोठा मांसाचा तुकडा उचलून चेत्तेओपुढे ठेवला. घरात सासूच्या धाकातला पुरुष आजवर तो एकटाच होता. आता दुसरा आला होता. एवढा आनंद त्याला लपवता येईना.

बाहेर चौकात मुलं मिरवणुकीच्या शिंगांची तयारी करत होती, डबे वाजत होते. एर्सिलिया हळूहळू खात होती. तिचे दात आता पुढचे चारच. ती वेढा तोडत नसे, संपेपर्यंत आत घेत जाई. तोंड पुसून तिने चेत्तेओकडे पाहिलं.

"तुमच्याकडे टेबल कसलं आहे? ओढता कशावर?"

"संगमरवराचं, दोन्ना एर्सिलिया. माझ्या आईचं."

"संगमरवर थंड असतो. कणिक आखडते."

"हो, जरा आखडते खरी."

"जरा नाही. आखडतेच. म्हणून तुझा हात शेवटी शेवटी घाई करतो. बघत होते मी." तुझा. पालमिराने हातातला ब्रेड रश्श्यात बुडवला. "लाकूड पाहिजे. बीचचं. सुतार आहे का पिच्चानोला?"

"आहे. माझा चुलतभाऊच आहे."

"तीन मीटर लांब. खोली आहे का तेवढी?"

"आहे."

"खिडकी कुठल्या बाजूला?"

"दक्षिणेला. समोर ऑलिव्हची झाडं, मागे डोंगर."

"जिना?"

"जिना नाही. सगळं खालीच आहे. घाणा शेजारी, म्हणून आवाज येतो जरासा, पण फक्त नोव्हेंबरात."

"आवाज चालतो."

निकोलिनाचा काटा हवेत थांबला होता. इलेनियाने ओठ घट्ट मिटले होते, डोळे मात्र हसत होते. चेत्तेओने खिशातून बोटभर पेन्सिल काढली आणि ब्रेडच्या कागदावर लिहू लागला: बीच, तीन मीटर.

"रुंदी ऐंशी," एर्सिलिया म्हणाली. "जास्त नको, समोरच्याचा हात पोचत नाही. आणि टेबलाच्या टोकाला एक खुर्ची. हातांची. बैठक फार खोल करू नकोस, मला मग उठता येत नाही."

"आई!" निकोलिना म्हणाली.

"काय आई? तू रविवारी येत जा. पडदे धुवू नकोस."

"सुनेबरोबर? सुनेच्या दुसऱ्या नवऱ्याच्या घरी? लोक काय म्हणतील!"

"पोस्टात दहाला जातेस ना तू? तूच सांग त्यांना, काय म्हणायचं ते."

क्विरिनोने आपला पेला इतका जोरात वर केला की वाइन टेबलावर सांडली. "दोन्ना एर्सिलियाच्या नव्या घराला!" त्याच्या आवाजात इतकी मनापासूनची सुटका होती की निकोलिनाने त्याला चांगल्या हाताने एक चापट मारली आणि मग स्वतःही पेला उचलला.

चेत्तेओ अजून लिहीत होता. "खुर्चीचे हात किती उंच हवेत?" त्याने विचारलं.

एर्सिलियाने कोपर वाकवून हवेत दाखवलं. त्याने वाकून अंदाज घेतला, मान हलवली, आकडा लिहिला.

पालमिरा चीज आणायला उठली. चीज टेबलावरच होतं.